टाळूवरची वीज आणि मेंदूतील संवाद

जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी 1924 साली मनुष्याच्या डोक्यावरून मेंदूची विद्युत्-स्पंदने प्रथम नोंदविली आणि 1929 साली ती प्रसिद्ध केली. हाच आजचा ई.ई.जी. या नोंदीवरून मेंदूचे कोणते दोन भाग परस्परांशी ‘बोलतात’ हेही सांगता येते, असे म्हणतात. ते कितपत खरे?

समजा, बालाघाटजवळ भरवेलीच्या मँगनीज खाणीत सुरुंग उडाला आणि सारख्याच अंतरावरील दोन घरांतली भांडी एकाच क्षणी खणखणली. म्हणून त्या दोन घरांत काही बोलणे झाले असे आपण म्हणू काय? नाही, कारण एकच, परिणाम दोन ठिकाणी. डोक्यातही असेच घडते. मेंदूतील एका उगमाची वीज कवटी व त्वचा यांतून पसरते आणि अनेक विद्युत्-अग्रांवर तत्क्षणी पोहोचते. दोन नोंदी जुळतात. संवाद मात्र झालेलाच नसतो.

दुसरी अडचण संदर्भबिंदूची. विद्युत्-दाब नेहमी दोन बिंदूंमधील फरक असतो. सर्व अग्रांना एकच संदर्भबिंदू असला, तर त्याचीच हालचाल सगळ्या नोंदींत मिसळते.

तिसरी अडचण गणिताची. नोंदीचे तुकडे पाडून त्यांवरून सुसंगती (0 ते 1) काढतात. एकच तुकडा घेतला तर उत्तर नेहमी 1 येते! परस्परांशी काहीही संबंध नसलेल्या दोन नोंदींचे दहा स्वतंत्र तुकडे घेतले, तरी वर्गित सुसंगती सरासरी 0.1 च्या आसपास येते. म्हणून नोंद पुरेशी लांब हवी आणि तुलना करताना तुकड्यांची संख्या समान हवी.

यावर उपाय आहेत. 2004 साली नोल्टे व सहकाऱ्यांनी आणि 2007 साली स्टाम व सहकाऱ्यांनी अशी मापे सुचविली, की जी एकाच क्षणी जुळणारा भाग वगळतात आणि मागेपुढे असलेला भागच मोजतात. परंतु खरोखरच एकाच क्षणी होणारा संवादही त्यांतून निसटतो. उपायालाही किंमत असते ती अशी.

हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा नाही. 2008 साली पुण्याच्या न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात आरोपींना दोषी ठरविताना अशा मेंदू-चाचणीचाही आधार घेतला. ती चाचणी जोडणी मोजणारी नव्हती. पण टाळूवरच्या विजेवरून मनातले किती वाचावे, हा प्रश्न तोच. पुढे 5 मे 2010 रोजी, सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने अशी चाचणी कोणावरही सक्तीने करता येणार नाही, असा निर्णय दिला.

विद्यार्थी मित्रांनो, यंत्र खोटे बोलत नाही. पण आपण त्याला काय विचारले, हे आपणच तपासायचे असते. तीच व्यक्ती, तीच पद्धत, दुसरा दिवस. तरीही उत्तर तेच आले, तर विश्वासाची पहिली पायरी चढलो असे समजावे. मात्र चुकीची पद्धतही रोज तीच चूक करू शकते, हे विसरू नये.