शुक्राणूंचे राखीव बियाणे

चेन्नईच्या क्रोमपेट उपनगराला तेथील क्रोम लेदर कारखान्यावरून नाव मिळाले. कातडी कमावण्यासाठी क्रोमियमचे क्षार वापरतात. सांडपाण्यातून ते जमिनीतही उतरतात. क्रोमियमची षट्संयुजी संयुगे अधिक विषारी असतात. त्यांचा नराच्या प्रजननक्षमतेवरील परिणाम मद्रास विद्यापीठातील संशोधकांनी बोनेट जातीच्या माकडांवर अभ्यासला. त्यांचे निष्कर्ष २००५-०६ मध्ये प्रसिद्ध झाले. असे क्रोमियम मिसळलेले पाणी १८० दिवस प्यालेल्या माकडांमध्ये शुक्राणूंची संख्या व हालचाल घटली. ते पाणी थांबवल्यावर सहा महिन्यांत स्थिती पूर्ववत झाली.

ही भरपाई मूलपेशींमुळे होऊ शकते. वृषणातील शुक्रजनक नलिकांच्या भिंतीलगत, सर्टोली पेशींच्या आश्रयाने, त्या वसलेल्या असतात. शेतकरी सगळे धान्य विकत नाही, थोडे बियाण्यासाठी राखतो. तसेच येथे घडते. विभाजनानंतर काही पेशी मूलपेशीच राहतात, काही विकासाच्या वाटेला लागतात. पुढे अर्धसूत्री विभाजनाने माणसात गुणसूत्रे ४६ वरून २३ होतात आणि शेवटी पेशीला शेपूट फुटते. या प्रवासाला माणसात सुमारे ७४ दिवस लागतात, उंदरात सुमारे ३५.

१९९४ मध्ये अमेरिकेत रॅल्फ ब्रिन्स्टर यांनी एका उंदराच्या मूलपेशी दुसऱ्या, वंध्य उंदरात रुजवून दाखवल्या. त्याला झालेली पिल्ले पहिल्या उंदराच्या वंशाची होती.

बियाणेच जळाले तर मात्र भरपाई होत नाही. कर्करोगावरील काही औषधे व किरणोपचार मूलपेशीही नष्ट करतात. वयात न आलेल्या मुलाचे शुक्राणू साठवता येत नाहीत. म्हणून काही रुग्णालयांत उपचारापूर्वी वृषणाचा लहानसा तुकडा गोठवून ठेवतात.