पाटीवरील ‘श्रीमंत’

औंढा नागनाथ,
कार्तिक शुद्ध पंचमी

चिरंजीव बाळ यास काकाचे अनेक आशीर्वाद.

विद्यापीठाने तुला डॉक्टरेट दिल्याचे वाचून घरात सर्वांस परम संतोष झाला. परंतु नव्या घराच्या पाटीवर ‘श्रीमंत डॉ. देशमुख’ अशी अक्षरे कोरावीत काय, या तुझ्या पृच्छेने मी चार दिवस विचारात पडलो.

देशमुखी ही मुळात शोभेची वस्तू नव्हती. परगण्याचा वसूल सरकारात भरणे आणि रयतेचे गाऱ्हाणे वर पोचवणे हे देशमुखाचे काम, दप्तर देशपांड्याचे. आणि आपल्या मोगलाईत, म्हणजे निजामाच्या मुलखात, गावोगावी वसुलीस माली पाटील, बंदोबस्तास पोलीस पाटील. (यातल्या ‘माली’चा संबंध बागेशी नसून मालाशी, म्हणजे महसुलाशी आहे, हे हल्ली सांगावे लागते.) वतने गेली, हुद्द्याचे आडनाव उरले. ते टाकू नकोस. मात्र ते तुला जन्माने लाभले आहे, हे विसरू नकोस.

दरबारी किताबांची जात निराळी. हैदराबादेत ‘जंग’, ‘दौला’, ‘मुल्क’ अशा चढत्या पायऱ्या होत्या, आणि त्या बहाल करणाऱ्या निजामासही 1918 साली इंग्रजांकडून ‘हिज एक्झॉल्टेड हायनेस’ हा किताब स्वीकारावासा वाटला! सप्टेंबर 1948 मध्ये ते राज्य लयास गेले. 1950 साली अमलात आलेल्या संविधानाच्या अठराव्या अनुच्छेदाने, सैनिकी व विद्याविषयक सन्मान वगळून, राज्याने कोणासही किताब देऊ नये असे ठरवले. पद्म पुरस्कारदेखील नावामागेपुढे लावू नयेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा 1995 चा निर्णय आहे. तुझे ‘डॉ.’ मात्र विद्याविषयक सन्मानाच्या अपवादात बसते, कारण ते तू अभ्यासाने मिळवलेस.

आणि आपल्याच जिल्ह्यातील नर्सीचे नामदेव! परंपरेने शिंपी, कोणत्याही दरबाराची सनद त्यांच्यापाशी नव्हती. तरी त्यांची 61 पदे गुरू ग्रंथ साहिबात आदराने समाविष्ट झाली, पंजाबाने त्यांस ‘भगत’ म्हटले आणि आपण ‘संत’. लोकांनी दिलेल्या या उपाधीपुढे मला इतर सर्व उपाध्या फिक्या वाटतात.

तेव्हा ‘डॉ.’ ठेव, आडनाव ठेव, ‘श्रीमंत’ गाळ. कारागिरास इसार दिला असल्यास बुडू दे. पणजोबांची मोडी सनद मी रेशमी रुमालात बांधून ठेवली आहे. सुटीत आलास की दोघे मिळून वाचू. तीत त्यांच्या मानपानापेक्षा त्यांच्यावर सोपवलेल्या कामांच्याच ओळी अधिक आहेत.

तुझा काका