कॅल्क्युलसच्या आधी हात बसव

अगं, दहावीचा निकाल लागला, पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स घ्यायचं ठरलं, आता हुमनाबाद की बीदर एवढंच राहिलंय. निर्ण्यातून रोज बसनं जायचं की हॉस्टेलला राहायचं, ते तू आणि आईबाबा बसून ठरवा. मला बोलायचंय ते तुझ्या परवाच्या प्रश्नावर. "ताई, कॅल्क्युलस लई अवघड असतं म्हणतात. आत्तापासूनच त्याचा क्लास लावू का?"

नको लावूस. कॉलेज सुरू होईपर्यंतचे सगळे दिवस बीजगणिताला दे, तेही नववी-दहावीच्याच.

का, ते दाखवते. वही काढ. क्ष² चं अवकलन करायचंय. क्ष ला थोडंसं वाढवायचं, त्या वाढीला ह म्हणू. मग लिही: (क्ष + ह)² − क्ष², आणि या सगळ्याला भागिले ह. कंस उलगड: क्ष² + २क्षह + ह². यातून क्ष² गेला, राहिलं २क्षह + ह². ह सामाईक काढून भाग दे, २क्ष + ह आलं. आता ह शून्याकडे गेला की उत्तर २क्ष. यात नवं काय होतं? फक्त शेवटची ओळ. वरचं सगळं तू शाळेत केलेलं आहेस. पण कितीतरी मुली कंस उलगडताना क्ष² + ह² एवढंच लिहितात, मधलं पद गळतं आणि उत्तर येतं शून्य. मग म्हणायचं, कॅल्क्युलस डोक्यावरून गेलं. कॅल्क्युलसपर्यंत त्या पोचलेल्याच नसतात गं.

दुसरं बघ. (क्ष² − ९) भागिले (क्ष − ३), आणि क्ष जातोय ३ कडे. सरळ ३ घातलास तर शून्य भागिले शून्य, तिथं हात टेकले. पण अवयव पाडलेस की वर (क्ष − ३)(क्ष + ३) दिसतं, खालचा (क्ष − ३) कटतो, उत्तर ६. पहिल्या वर्षाच्या शेवटाकडे सीमेचा (लिमिटचा) धडा येतो, त्यातली बरीच गणितं अशीच अवयवांवर सुटतात. मात्र काटाकाटी करताना सांभाळ. (क्ष + ५) भागिले क्ष यातले क्ष कापून ५ लिहायचं नाही. शंका आली की एक लहान संख्या घालून बघ: क्ष = १ घेतलास तर ६ येतात, ५ नाही. ही सवय लाव. शिक्षक शेजारी नसतानाही तुझं तुला कळेल कुठं चुकलं ते.

वर्गसमीकरणाचं सूत्र पाठ आहे ना? आता ते कुठून येतं ते एकदा स्वतः काढ. श्रीधराचार्यांची रीत भास्कराचार्यांनी आपल्या 'बीजगणित' ग्रंथात दिली आहे, ती मला पुस्तकातल्या रीतीपेक्षा जास्त आवडते, कारण अपूर्णांकांचा त्रास नाही. ३क्ष² + ५क्ष = २ घे. क्ष² चा सहगुणक ३, त्याची चौपट १२, तिनं दोन्ही बाजूंना गुण: ३६क्ष² + ६०क्ष = २४. आता ५ चा वर्ग दोन्हीकडे मिळव. डावीकडे (६क्ष + ५)² पूर्ण झाला, उजवीकडे ४९. म्हणजे ६क्ष + ५ एकदा ७, एकदा उणे ७. क्ष = १/३ किंवा −२. सूत्रातलं ते ४अक कुठून आलं, ते इथं हाताला लागतं. एकदा असं काढलंस की सूत्र विसरण्याची भीती संपली.

आणि उजवीकडे ४९ च्या जागी उणे संख्या आली तर? पीयूसीला संमिश्र संख्यांचा धडा आहे, त्याच्या शेवटी इतिहासाची टीप असते. ती सोडू नकोस. तिथं महावीराचार्यांचं नाव आहे, साल ८५०. उणे संख्या कशाचाच वर्ग नसते, म्हणून तिला वर्गमूळ नाही, ही अडचण त्यांनी 'गणितसारसंग्रह' या ग्रंथात स्पष्ट मांडली. ग्रंथाच्या आरंभी ते राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाचं गुणगान करतात. त्या राजाची राजधानी मान्यखेट, म्हणजे आपल्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं, सेडम तालुक्यातलं मालखेड! सहा रसांपासून किती वेगवेगळ्या चवी होतील असं गणितही त्या ग्रंथात आहे, उत्तर ६३. तेच गणित तुला पहिल्या वर्षी 'कॉम्बिनेशन'मध्ये भेटेल. गणित बेंगळूरच्या, पुण्याच्या मुलांचं, आपण खेड्यातल्या, असं कुणी म्हणालं तर त्याला मालखेडचं नाव सांग.

मराठी माध्यमातून इंग्रजीत जायची धास्तीही तुझ्या मनात आहे, मला ठाऊक आहे. वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने कर. वर्गसमीकरणापुढं क्वाड्रॅटिक इक्वेशन, अवयवापुढं फॅक्टर, सहगुणकापुढं कोएफिशंट. रोज थोडे शब्द. समीकरणाच्या ओळी कुठल्याही भाषेत त्याच असतात, तिथं तू कुणापेक्षा मागं नाहीस.

फंक्शनचे आलेख मात्र घाईत उरकू नकोस. क्ष² चा आलेख काढ, मग क्ष² + २ चा, मग (क्ष − २)² चा. क्ष² + २ चा वर सरकतो, (क्ष − २)² चा उजवीकडे. उजवीकडेच का, यावर मन लावून विचार कर. कागदावर बिंदू मांडत जा, कळेल. दुसऱ्या वर्षाच्या १३ धड्यांपैकी ५ कॅल्क्युलसचे आहेत, आणि त्या पाचही धड्यांत हे आलेख डोळ्यापुढं लागतात.

रोज एक तास पुरे. सोडवलेलं गणित नुसतं वाचून पुढं जाऊ नकोस. पुस्तक मिटून पुन्हा कर. अडलं तर मला फोन कर, रात्री केलास तरी चालेल.

आणि हे आईला वाचून दाखव: काकू, संध्याकाळचा तेवढा एक तास तिला भाकरी थापायला, पाणी भरायला उठवू नका. कॉलेज सुरू होईपर्यंत तरी.