स्वयंचलित क्वाड घेण्यापूर्वी : ओढ पाहू नका, भार व उतार पाहा



लागणीच्या दिवसांत मजूर वेळेवर मिळत नाहीत, बैलजोडी सांभाळणे परवडत नाही आणि चार पोती खतासाठी मोठा ट्रॅक्टर काढायचे जिवावर येते. त्यामुळे अलीकडे गट कार्यालयात एक प्रश्न वरचेवर येतो, "साहेब, ती चार चाकांची मोटारसायकल घ्यावी का?" तिलाच क्वाड म्हणतात. त्याबद्दल चार गोष्टी येथे देत आहे.

गेल्या महिन्यात कामानिमित्त भिवंडीस गेलो होतो. तेथे नाशिक रस्त्यालगतच्या एका गोदामाच्या आवारात असे वाहन ट्रॉली ओढताना पाहिले. सपाटीवर झकास चालले. उतारवाटेवर ट्रॉली भरून चढू लागले, तेव्हा मात्र रबर जळाल्याचा वास सुटला आणि गाडी जागीच थांबली. चालविणारा पोरगा म्हणाला, "इंजिन तर ओरडतंय, पण गाडी चढंना." दोष इंजिनाचा नव्हता. भार असूनही दांडी 'एच'वर होती.

स्वयंचलित म्हणजे काय?

1984 साली आपल्याकडे कायनेटिक होंडा स्कूटर आली. तिला गिअर नव्हता, पट्टा होता. बहुतेक स्वयंचलित क्वाडमध्ये तीच तऱ्हा असते. दोन पुल्यांवर रबरी पट्टा फिरतो. इंजिनाचा वेग वाढला की पुढची पुली आवळते, पट्टा वर चढतो व गाडी वेग घेते. क्लच दाबणे नाही, गिअर बदलणे नाही. पण भार जास्त व वेग कमी असला, की पट्टा घसरून तापतो. म्हणून 'एल' म्हणजे कमी वेगाची जोडणी असलेलेच यंत्र घ्यावे व ट्रॉली जोडली की दांडी 'एल'वरच ठेवावी. पाटाचे पाणी पट्ट्याच्या पेटीत शिरले तरी पट्टा घसरतो, हेही ध्यानी ठेवावे.

हिशेब आधी, खरेदी मागाहून

डी.ए.पी.ची 10 पोती म्हणजे 500 किलो. ट्रॉलीचे स्वतःचे वजन 150 किलो धरा. झाले 650. पाण्याचे 200 लिटरचे पिंप म्हणजे 200 किलोहून जास्तच. आपला आकडा कागदावर मांडावा आणि यंत्राच्या पुस्तिकेतील ओढण्याच्या मर्यादेशी ताडून पाहावा. विक्रेत्याच्या तोंडी आकड्यावर जाऊ नये.

एकरभर बेणे अडीच-तीन टन भरते. अर्ध्या टनाच्या पाच-सहा खेपांत ते बांधावर पोहोचेल. रोपांचे ट्रे, वैरण, शेणखत, ठिबकच्या नळ्या यांसाठीही क्वाड ठीक. पण तोडलेला ऊस वाहण्याचा विचार सोडून द्यावा. एकरी 40 टन ऊस म्हणजे 80 खेपा! ते काम टायरगाडीचे व ट्रॅक्टरचे.

मिनी ट्रॅक्टर की क्वाड?

मिनी ट्रॅक्टरवर रोटाव्हेटर चालतो, फवारणीचा पंप चालतो. क्वाडला सहसा तशी जोडणी नसते. क्वाडची रुंदी सुमारे 4 फूट. म्हणजे 4 फुटी सरीत ती शिरणार नाही. पट्टा पद्धतीतील 5-6 फुटी मोकळ्या पट्ट्यातून जाईल. तिचे रुंद टायर साधारण 5 ते 7 पौंड हवेवर चालतात, म्हणून ओलसर रानात ती कमी रुतते. दोन्हींची कोटेशने शेजारी ठेवून ठरवावे. ज्याच्याकडे आधीच ट्रॅक्टर आहे व गोठा किंवा रोपवाटिका मोठी आहे, त्यालाच क्वाडचा खरा उपयोग. पहिलेच यंत्र घ्यायचे असेल तर मिनी ट्रॅक्टर बरा.

जिवाची गोष्ट

ओढण्यापेक्षा थांबविणे अवघड. ट्रॉलीला ब्रेक नसेल तर उतारावर तीच क्वाडला ढकलते. भार ट्रॉलीच्या आसापेक्षा किंचित पुढे ठेवावा. सगळा मागे टाकला तर क्वाडची मागची चाके हलकी होऊन घसरतात. बांध व पाट आडवे-तिडवे ओलांडू नयेत. ऑस्ट्रेलियात शेतावर क्वाड उलटून माणसे दगावली. म्हणून ऑक्टोबर 2021 पासून तेथे विकल्या जाणाऱ्या कामाच्या नव्या क्वाडवर चालकाच्या रक्षणाची कमान सक्तीची झाली. आपणही ती मागून घ्यावी. डोक्याला हेल्मेट हवे. एकसीटी गाडीवर मागे माणूस नको आणि पोराबाळांच्या हाती तर मुळीच नको.

सही करण्यापूर्वी

1. आर.टी.ओ.कडे नोंदणी होते काय? नोंदणीविना वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालविता येत नाही. वस्तीवरून मळ्यात जाताना डांबरी रस्ता लागत असेल तर हा प्रश्न पहिला.
2. अनुदानाची खात्री तालुका कृषी कार्यालयात करावी.
3. पट्टा व ब्रेकचे भाग तालुक्याच्या गावी मिळतात काय?
4. आपली ट्रॉली, आपला भार व आपला चढ, यांवर चालवून पाहावे. चढून दाखविले की उतरूनही दाखवा म्हणावे.

यंत्र दारात शोभेसाठी नाही. कर्जाचा हप्ता ऊसबिलातूनच जायचा आहे, याचा विचार करूनच पाऊल टाकावे. शंका असल्यास आपल्या वजनांचा हिशेब घेऊन गट कार्यालयात यावे. बसून आकडे मांडू.

आपला,
ऊस विकास अधिकारी