घोरपड आणि टसरचा पतंग

वाचकहो, घोरपड पाहिली नाही असा मनुष्य आपल्या खेड्यांत विरळाच. टसरचा पतंग मात्र भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली ह्या जिल्ह्यांतील रानांत वावरणाऱ्यांस अधिक परिचयाचा आहे. ह्या दोघांची तुलना केली असतां प्राणिसृष्टीचे दोन मोठे विभाग सहज ध्यानांत येतील, म्हणून आज आम्ही हा पाठ घेत आहों.

पहिला भेद शरीराच्या बांधणीचा. घोरपडीस पाठीचा कणा, चार पाय, फुप्फुसे व तांबडे रक्त आहे. ती पाल व सरडा ह्यांच्या जातकुळीची होय. पतंग हा कीटक. त्याच्या अंगांत एकही हाड नाही. बाहेरील कठीण कवच हाच त्याचा आधार. त्यास पाय सहा व पंख चार असतात, आणि अंगाच्या दोन्ही बाजूंच्या बारीक छिद्रांतून तो श्वास घेतो.

दुसरा भेद वाढीचा. घोरपडीचे पिल्लू अंड्यांतून निघते ते लहानशी घोरपड होऊनच. पतंगाच्या अंड्यांतून मात्र अळी निघते. ती ऐनाची किंवा अर्जुनाची पाने खाते, चार वेळां कात टाकते, मग फांदीस देठाने बांधलेला कोसा विणून त्यांत निजते. पुढे पतंग बाहेर येतो, पण त्यास अन्न घेण्याजोगे तोंडच नसते! अळीपणी साठविलेल्या शिदोरीवर तो थोडेच दिवस जगतो. घोरपडीचे आयुष्य अनेक वर्षांचे.

साम्यही आहे. दोघांच्या माद्या अंडी घालतात, पण ती उबवीत बसत नाहीत. दोघांसही वासाचे ज्ञान मोठे. घोरपड दुभंगलेल्या जिभेने वास टिपते, तर नर पतंग पिसासारख्या मिशांनी मादीचा माग काढतो.

आतां एक गोष्ट आग्रहाने सांगावयाची आहे. सांधेदुखीवर म्हणून घोरपडीचे तेल विकणारे लोक गांवोगांव फिरतात. त्या तेलाने सांधे बरे होतात ह्यास पुरावा नाही. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत घोरपडीचे नांव आहे. तिला मारणे किंवा तिचे मांस व तेल जवळ बाळगणे हा गुन्हा असून त्यास तीन ते सात वर्षे कैद आहे. एका बाटलीपायी घरचा कर्ता मनुष्य तुरुंगांत गेला तर मुलाबाळांनी काय खावे? उलट घोरपड उंदीर व किडे खाऊन शेताचे राखण करिते.

पतंगाविषयीही तेंच. रानांतील सर्व कोसे तोडले, तर पुढील वर्षी अंडी घालावयास पतंग कोठून येणार? म्हणून शहाणे लोक बियाण्याकरितां कांही कोसे राखून ठेवितात.

वर्गांत विचारावयाचे प्रश्न: पतंगास हाडे नसतां त्याचे अंग कशाने सावरते? घोरपडीचे तेल विकत घेणे कां अयोग्य? सर्व कोसे तोडल्यास नुकसान कोणाचे?