आधी आईबापांचे वाचन

श्रावणमासात आपल्या घरी पोथी लागते. एकाने वाचावे व इतरांनी ऐकावे, ही रीत जुनी आहे. परंतु आपल्या शास्त्रकारांनी श्रवणाच्या पुढे मनन व निदिध्यासन अशा आणखी दोन पायऱ्या सांगितल्या आहेत. जे ऐकले त्याचा विचार करावा, आणि जे पटले ते मनात इतके मुरवावे की आपली वृत्तीच पालटावी. कोणत्याही सद्ग्रंथाच्या वाचनास हाच नियम लागू आहे. मुलांनी वाचावे असे आपणा सर्वांस वाटते; आईबापांनी काय वाचावे व त्याने घरात काय पालटावे, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो. आज तो करू.

ज्या गुजरातेत आपण राहतो, तेथीलच एक उदाहरण पाहा. गिजुभाई बधेका हे वढवाण येथे वकिली करीत असत. १९१३ साली त्यांस पुत्र झाला आणि या मुलास कसे वाढवावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. त्या शोधात डॉ. मारिया माँटेसोरी यांच्या बालशिक्षणाविषयीचे पुस्तक त्यांच्या हाती आले. माँटेसोरीबाईंनी १९०७ साली रोम शहरातील गरीब वस्तीत बालगृह काढले होते. मूल म्हणजे मातीचा गोळा नव्हे. त्यास स्वतःची गती, आवड व मान आहे, हा त्यांच्या विचाराचा गाभा होय. गिजुभाई वाचून स्वस्थ बसले नाहीत. १९१६ साली ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेले व १९२० साली तेथे बालमंदिर सुरू झाले. लोक त्यांस प्रेमाने ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशा असलेली आई, म्हणू लागले. पुढे त्यांनी पालकांसाठी जे पुस्तक लिहिले, त्याच्या नावातच आईबाप होणे कठीण आहे असे सांगितले आहे. ध्यानात घ्यावे ते हे की, शोध मुलासाठी होता, पण त्या पुस्तकाचा पहिला विद्यार्थी बाप झाला.

याच कार्यात मुंबईस जन्मलेल्या ताराबाई मोडक भावनगरास येऊन मिळाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि ताराबाईंनी ‘शिक्षणपत्रिके’च्या द्वारे हा विचार मराठी घरांत पोहोचविला. पुढे १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे व नंतर कोसबाड येथे खेड्यांतील व आदिवासी मुलांसाठी काम उभे केले. गुजराती व मराठी या दोन्ही भाषांचे हे समाईक धन आहे.

आता आपल्या सुरतेकडे वळू. लिंबायत, उधना, पांडेसरा, दिंडोली येथील आपली कित्येक कुटुंबे तापीकाठच्या रेल्वेने खानदेशातून आली. त्याच मार्गावरील अमळनेर येथे साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात शिक्षक होते. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. हे पुस्तक आपण मुलांच्या हाती देतो. वस्तुतः ते आधी आईबापांनी वाचावे. स्नानानंतर पायांस माती लागू नये असा हट्ट धरणाऱ्या श्यामसाठी आई आपले लुगडे धोंड्यावर पसरते, आणि मगच मनासही तसेच जपण्यास सांगते. आधी कृती, नंतर उपदेश. हा क्रम आपण बहुधा उलटा करतो.

यंत्रमागावर किंवा डाईंग मिलमध्ये बारा तास उभे राहून आलेल्या बापास वाचनाचा उत्साह कोठून असणार, असे कोणी म्हणेल. ती अडचण खरी आहे. परंतु “अभ्यास कर” असे म्हणून आपण स्वतः मोबाईल हाती घेतला, तर मूल आपल्या शब्दांपेक्षा आपल्या हातांकडे पाहूनच शिकते. शिवाय आपली पुष्कळ मुले गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. घरात मराठी वाचली गेली नाही, तर आजीचे बोलणे नातवास अर्धेच कळेल, आणि ती तूट कोणतीही शिकवणी भरून काढणार नाही.

म्हणून आम्ही इतकेच सुचवितो. जेवणानंतर पंधरा मिनिटे एक मराठी पुस्तक सर्वांनी मिळून वाचावे. ज्यांस वाचता येत नाही, त्यांनी ऐकावे. मुलाने आजीस वाचून दाखविणे यासारखे दुसरे सुख नाही. वाचलेल्यातील एकच गोष्ट त्या आठवड्यात आचरावी. एक रागाचा शब्द गिळला गेला, मुलाचा एक प्रश्न शेवटपर्यंत ऐकला गेला, तरी ते वाचन सफल झाले असे समजावे.

मननासाठी प्रश्न :

१. गेल्या वर्षभरात आपण स्वतः कोणते पुस्तक पुरे वाचले?

२. त्यातील कोणती गोष्ट आपल्या वागण्यात उतरली?

३. ती उतरली हे आपल्या मुलांस, आपण न सांगता, कळले काय?