काचेच्या पेटीतील जड पाणी : रायपूरच्या घरगुती मत्स्यालयातील सामू आणि जडपणा

रायपुरात उन्हाळा सरता सरता कूलरच्या ताट्या बदलायला काढल्या, की त्यांच्यावर चढलेला पांढरा, खरखरीत थर हाताला लागतो. हाच थर गीझरच्या तारेवर बसतो, नळाच्या तोटीभोवती साचतो आणि दिवाणखान्यातील मत्स्यालयाच्या काचेवर, पाण्याच्या पातळीच्या जरा वर, एक पांढरी रेघ ओढतो. कूलर आणि गीझर यांच्या बाबतीत गृहिणी त्याला ‘खारं पाणी’ म्हणून दोष देतात. मत्स्यालयाच्या बाबतीत मात्र तिकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. मासे मरू लागले की दुकानदार, खाद्य किंवा मुलांनी वाजवलेली काच यांच्यावर संशय घेतला जातो. वस्तुतः त्या पांढऱ्या रेघेत अर्धे उत्तर लिहिलेले असते.

या थराचे मूळ शहराच्या पायाखाली आहे. रायपूर शहर ज्या खोऱ्यात वसले आहे, तेथे अतिप्राचीन काळातील चुनखडकाचे विस्तीर्ण थर आहेत. भूशास्त्रज्ञ त्यांची गणना ‘रायपूर गट’ या नावाने करतात. भिलाईच्या पोलाद कारखान्याला लागणारा चुनखडक दुर्ग जिल्ह्यातील नंदिनीच्या खाणींतून येत आला आहे. बलौदा बाजार, तिल्दा या बाजूला सिमेंटचे कारखाने उभे राहिले तेही याच दगडामुळे. पावसाचे पाणी जमिनीत मुरताना मातीतील कार्बन डायऑक्साईड घेऊन किंचित आम्लधर्मी होते, चुनखडकातून झिरपताना त्याला विरघळवते, आणि बोअरमधून वर येते तेव्हा कॅल्शियम व मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट सोबत घेऊन येते. खारून नदीचे, महानगरपालिकेने शुद्ध करून नळाला सोडलेले पाणी तुलनेने मृदू असते. तथापि अनेक वसाहतींत नळ आणि बोअर यांचे पाणी एकाच टाकीत मिसळते, आणि ते प्रमाण महिन्यागणिक बदलते.

मुंबई-पुण्याच्या नातलगांचा सल्ला रायपुरात फसतो तो येथेच. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा या सह्याद्रीच्या कुशीतील जलाशयांचे पाणी मिळते. ते बेसाल्टच्या काळ्या कातळावरून वाहत येते. कातळातून विरघळण्याजोगे त्यात फारसे नसते, म्हणून ते मृदू असते. अशा पाण्यात वाढलेल्या छंदाचे नियम चौबे कॉलनीतील किंवा तात्यापाऱ्यातील घरात जसेच्या तसे लागू पडत नाहीत. मुंबईच्या भाच्याने सांगितलेली मात्रा रायपूरच्या मामांनी पेटीत ओतली, तर परिणाम निराळाच दिसतो.

सामू, जडपणा आणि शिल्लक

सामू, म्हणजेच पीएच, हे पाण्याच्या आम्लतेचे माप. डेन्मार्कचे रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी ते 1909 मध्ये रूढ केले. सात हा आकडा उदासीन. त्याखाली आम्लधर्मी, त्यावर अल्कधर्मी. हे माप साध्या चढत्या पायऱ्यांचे नाही, दसपटींचे आहे, ही गोष्ट सहसा विसरली जाते. सामू आठवरून सातवर आला म्हणजे ‘एकानेच तर उतरला’ असे वाटते. प्रत्यक्षात आम्लता दहापट झालेली असते. माशाच्या कल्ल्यांना हा फरक चांगलाच जाणवतो.

जडपणा ही वेगळी राशी आहे. पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे एकत्रित प्रमाण म्हणजे एकूण जडपणा. तो एका लिटरमागे इतके मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट अशा भाषेत सांगतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 200 मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतले जाते. परीक्षण संचांच्या डब्यांवर मात्र जर्मन अंश छापलेले असतात. एक अंश म्हणजे सुमारे 17.9 मिलिग्रॅम. डबा आणि प्रयोगशाळेचा अहवाल यांची तुलना करताना हा गुणाकार केला नाही, तर सतराचे पाणी तीनशेपेक्षा मृदू वाटू लागते. खरे तर दोन्ही एकच.

तिसरी राशी सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित: कार्बोनेट जडपणा. तो पाण्यातील बायकार्बोनेटचे प्रमाण सांगतो. बँकेच्या वाचकांना ही कल्पना समजायला अवघड नाही. मत्स्यालयात माशांची विष्ठा, उरलेले खाद्य, सडलेली पाने यांतून अमोनिया तयार होतो. गाळणीतील जिवाणू त्याचे नायट्राईट व पुढे नायट्रेट करतात, आणि या क्रियेत आम्ल निर्माण होते. ते आम्ल दररोज बायकार्बोनेटच्या खात्यातून रक्कम काढत असते. खात्यात शिल्लक आहे तोवर सामू जागचा हलत नाही. शिल्लक संपली, की तो एका रात्रीत कोसळतो. रायपूरच्या बोअरच्या पाण्यात ही शिल्लक भरपूर असते. हे वैगुण्य मानले जाते, पण नवशिक्यासाठी ते वरदानच आहे.

लिंबू, व्हिनेगर आणि उसळणारा सामू

नव्या छांदिष्टाच्या हाती प्रथम सामूचा संच पडतो. रंग निळसर येतो, आकडा आठच्या आसपास निघतो. पुस्तकात तर साडेसहा ते सात लिहिलेले असते. मग लिंबू, व्हिनेगर किंवा बाजारातील सामू उतरवणारे द्रावण पेटीत पडते. तासाभरात आकडा सातवर येतो, घरात समाधान पसरते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा पावणेआठ. पुन्हा थेंब, पुन्हा उतार, पुन्हा चढ.

याचे कारण शिल्लकेतच आहे. टाकलेले आम्ल बायकार्बोनेटशी संयोग पावून कार्बन डायऑक्साईड तयार करते. तो पाण्यात असेपर्यंत सामू उतरलेला दिसतो. हवेच्या पंपाच्या बुडबुड्यांबरोबर तो उडून गेला, की सामू वर येतो. माशाला आठच्या सामूत राहणे जमते. रोज सात आणि आठच्या दरम्यान फेकले जाणे त्याला सोसत नाही. शिवाय या द्रावणांपैकी अनेकांत फॉस्फेट असते, त्यावर शेवाळ पोसते. लिंबू-व्हिनेगरचे सेंद्रिय आम्ल जिवाणूंचे खाद्य होऊन पाणी गढूळ करते. आकड्याचा पाठलाग करण्याने जितके मासे दगावतात, तितके मूळ आकड्याने क्वचितच दगावत असतील.

देशी बदामाची वाळलेली पाने, लाकडाचे ओंडके यांचाही बोलबाला असतो. मृदू पाण्यात त्यांच्यातील टॅनिन सामू खरोखर उतरवते. जड पाण्यात ती पाणी चहाच्या रंगाचे करतात. सामू बहुधा तसाच राहतो. तुरटीचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. ती बायकार्बोनेट खाते हे खरे, पण मागे अॅल्युमिनियम सोडते.

मापनातही एक फसवणूक संभवते. बोअरचे पाणी जमिनीखालून येताना कार्बन डायऑक्साईडने भारलेले असते, त्यामुळे ताजे उपसलेले पाणी तपासल्यास सामू खोटा कमी दिसतो. ते उघड्या बादलीत चोवीस तास ठेवून, शक्यतो हवेचा पंप लावून मग तपासावे. पेटीत वनस्पती असतील तर सामू पहाटे कमी व दुपारनंतर जास्त असतो; म्हणून नोंद नेहमी एकाच वेळी घ्यावी. विरघळलेले क्षार मोजणारी पेनासारखी यंत्रे स्वस्त झाली आहेत, पण ती सर्व क्षारांची बेरीज सांगतात, जडपणा वेगळा सांगत नाहीत.

पिशवीतला प्रवास

रायपूरच्या दुकानांत येणारे शोभिवंत मासे बहुधा दूरवरून येतात. या व्यापारात कोलकात्याचे स्थान मोठे आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत थोडे पाणी, वर प्राणवायू, आणि अनेक तासांचा प्रवास. या काळात मासा श्वास घेतो, पिशवीत कार्बन डायऑक्साईड साठतो, सामू उतरत साडेसहाच्याही खाली जाऊ शकतो. त्याच वेळी माशाने टाकलेला अमोनियाही साठत असतो. परंतु उतरलेला सामूच त्याला वाचवतो. आम्लधर्मी पाण्यात अमोनिया मुख्यतः अमोनियम या तुलनेने निरुपद्रवी रूपात राहतो.

आता हे प्रमाण पाहावे. पंचवीस अंश सेल्सिअस तपमानाला, सामू साडेसहा असताना एकूण अमोनियापैकी विषारी भाग हजारात सुमारे दोन असतो. सामू आठ असताना तो हजारात पन्नासच्या वर जातो. म्हणजे तितक्याच अमोनियाचे विष जवळजवळ तीसपट. पिशवी उघडून तीत घरच्या पेटीचे अल्कधर्मी पाणी थोडे थोडे, अर्धा-पाऊण तास मिसळत राहण्याची जी सर्वमान्य पद्धत आहे, ती लांबच्या प्रवासातून आलेल्या पिशवीच्या बाबतीत उलटते. सावकाश सवय होण्याऐवजी मासा त्या अर्ध्या तासात विषात बसून राहतो. ‘इतके जपून सोडले, तरी सकाळी तळाशी पडले’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असते.

म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न किमतीचा विचारू नये. मासे येऊन किती दिवस झाले आणि ते कोणत्या पाण्यात ठेवले आहेत, हे विचारावे. आठ-दहा दिवस रायपूरच्याच पाण्यात राहून खाते-पिते असलेले मासे घरी आणणे सर्वांत सुरक्षित. दुकान ते घर या वीस मिनिटांच्या प्रवासात अमोनिया साठत नाही, तेव्हा थेंबाथेंबाने पाणी मिसळण्याची पद्धत तेथे योग्यच. दूरवरून थेट आलेली पिशवी असेल, तर ती बंदच ठेवून तपमान जुळू द्यावे, आणि उघडल्यावर मासे जाळीने उचलून लगेच पेटीत सोडावेत. पिशवीतील पाणी पेटीत ओतू नये. असे मासे मागवायचेच असतील, तर त्यांच्यासाठी पेटीचे पाणी आधीच पिशवीच्या जवळपास मृदू करून ठेवणे अधिक शहाणपणाचे.

पाणी बदलावे की मासा

जड पाण्यात आनंदाने राहणारे मासे थोडे नाहीत. महाराष्ट्रात हिवतापाच्या डासांवर उपाय म्हणून ज्यांचा प्रचार झाला ते गप्पी, त्यांचे भाऊबंद मॉली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल हे पिलांना जन्म देणारे मासे अशा पाण्यात विशेष खुलतात. मॉली तर मृदू पाण्यातच आजारी दिसते. गोल्डफिशला ते मानवते, आणि आफ्रिकेतील मलावी व टांगानिका सरोवरांतील रंगीत सिक्लिड मासे मुळातच अल्कधर्मी पाण्याचे रहिवासी. उलट निऑन टेट्रा, कार्डिनल टेट्रा, डिस्कस हे अॅमेझॉनच्या मृदू, आम्लधर्मी पाण्याचे. आज मिळणारे निऑन बहुतेक पैदास केंद्रांतले असल्याने मध्यम जड पाणी ते सहन करतात. त्यांची अंडी मात्र तेथे सहसा फळत नाहीत.

तरीही ज्यांना टेट्रांचा थवाच हवा, त्यांच्यासाठी खात्रीचा मार्ग एकच: जड पाण्यात क्षारविरहित पाणी मिसळणे. घरच्या आरओ यंत्राचे पाणी, किंवा पावसाळ्यात पहिल्या काही सरी वाहून गेल्यानंतर स्वच्छ गच्चीवरून धरलेले पाणी यासाठी चालते. हिशेब सोपा आहे. बोअरच्या पाण्याचा जडपणा 300 असेल आणि 120 हवा असेल, तर शंभर लिटरमध्ये चाळीस लिटर बोअरचे व साठ लिटर आरओचे. आरओ यंत्राच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारे पाणी ‘फुकट का घालवा’ म्हणून पेटीत टाकण्याची चूक काही घरांत होते. त्यात सर्व क्षार एकवटलेले असतात. सोडियमचा वापर करणारे घरगुती सॉफ्टनरही येथे उपयोगाचे नाही. ते कॅल्शियमच्या जागी सोडियम देते, बायकार्बोनेट जागेवरच राहते.

निव्वळ आरओच्या पाण्यावर पेटी चालवणे तर सर्वांत धोक्याचे. त्यात शिल्लक जवळजवळ शून्य. काही आठवड्यांत सामू सहाच्या खाली घसरतो, गाळणीतील जिवाणू मंदावतात, अमोनिया साठू लागतो. पण आम्लधर्मी पाण्यामुळे तो अमोनियमच्या रूपात निपचित पडून राहतो. मासे मलूल दिसतात. मग एखाद्या रविवारी मालक कळकळीने अर्धे पाणी काढून बोअरचे ताजे पाणी भरतो. सामू झपाट्याने आठकडे जातो, साठलेले अमोनियम अमोनिया होते, आणि पाणी स्वच्छ केल्याच्या रात्रीच मासे मरतात. अशा पेटीत रोज दहावा हिस्साच पाणी बदलत, आठवडाभरात हळूहळू वर यावे. कार्बोनेट जडपणा वाढवायचा झाल्यास शंभर लिटरमागे पाच ग्रॅम खाण्याचा सोडा तो सुमारे 30 मिलिग्रॅमने वाढवतो; तोही आधी पाण्यात विरघळवून, दोन-तीन हप्त्यांत.

पेटीतील दगडांची परीक्षाही करून घ्यावी. दगडावर व्हिनेगरचे थेंब टाकून फेस आला, तर तो चुनखडीचा. रायपुरात जमिनीला वापरली जाणारी फरशी, शिंपले, संगमरवराचे खडे या सर्वांना फेस येतो. गप्पींच्या पेटीत ते बिघाड करत नाहीत. मृदू केलेल्या पाण्यात मात्र ते विरघळत राहून सारा हिशेब उलटा फिरवतात.

राहता राहिला मे महिना. पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो तेव्हा उघड्या पेटीतील पाणी भराभर उडते. उडते ते शुद्ध पाणी. क्षार मागेच राहतात. समजा, शंभर लिटरच्या पेटीतून आठवड्याला दहा लिटर उडाले आणि ती तूट 300 मिलिग्रॅमच्या बोअरच्या पाण्याने भरली, तर दर आठवड्याला जडपणात तीसची भर पडते, महिन्याला सुमारे सव्वाशेची. तपमान वाढल्याने अमोनियाचा विषारी भागही वाढलेला असतो. म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई आरओच्या पाण्याने करावी, आणि आठवड्याचा पाचवा हिस्सा पाणीबदल नेहमीच्या मिश्रणाने, नळाचे असल्यास क्लोरीन घालवून. पेटीवर काचेचे झाकण ठेवले तर तूट निम्म्यावर येऊ शकते, पण त्याने आतील उष्णता अडते. रायपूरच्या दुपारी झाकण सरकवून, पाण्यावर लहान पंखा लावून, संध्याकाळी आरओची बादली हाताशी ठेवणे अनेक घरांना सोयीचे पडते. काचेवरील जुनी पांढरी रेघ पाणी खाली उतरवून, व्हिनेगरने भिजवलेल्या फडक्याने बाहेरच्या बाहेर पुसून काढावी.